झडत्या, ओव्या आणि कुलूप : एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५

पेरण्या आटोपल्या आहेत आणि डवरणीला अजून आठवडा आहे, म्हणून वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक आज गणपूर्तीसह होऊ शकली आणि दोन वर्षे इतिवृत्तात नुसताच पुढे ढकलला जाणारा ठराव अखेर मंजूर झाला. पोळ्याच्या झडत्या (बैलांच्या तोरणाखाली म्हणायच्या यमकांच्या ललकाऱ्या), जात्यावरच्या ओव्या आणि मुलींच्या भुलाबाईच्या सणाची गाणी गावातल्या माणसांच्या तोंडून जमवायची आणि त्यांची शंभरेक पानांची पुस्तिका काढायची, असे प्रकल्पाचे स्वरूप आहे. मोर्शी तालुक्यातले आमचे वाचनालय ड वर्गाचे, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाचे, असल्यामुळे मनुष्यबळ म्हणजे सचिव या नात्याने मी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी आणि बसथांब्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक मुलगा, एवढेच आहे.

वाद झाला तो आवाज कागदावर उतरवण्याच्या कामावरून. एका तासाचे बोलणे हाताने उतरवायला मला सहा तास लागतात आणि माझे डोळे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत. मुलाचे म्हणणे असे पडले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र (या वहीत पुढे मी त्याला नुसते यंत्रच म्हणणार आहे) हेच काम काही मिनिटांत करून देते. वर्ध्याकडे खादीच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी त्यावर गांधीजींची आठवण काढली. सर्वच यंत्रांना तुमचा विरोध आहे का, असे १९२४ मध्ये एका तरुणाने विचारले, तेव्हा आपला विरोध यंत्रांना नसून यंत्रांच्या वेडाला आहे, असे गांधीजींनी सांगितले होते आणि सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोला हाताने टाके घालताना पाहून सिंगरने ते यंत्र घडवले, असे त्यांचे म्हणणे होते. सभासदांनी मला सरळच विचारले, "मास्तर, या यंत्रानं कोणाचे टाके वाचतात?" माझेच वाचतात, असे मी प्रामाणिकपणे सांगितले आणि यंत्र वापरण्याला मंजुरी मिळाली.

२० जुलै २०२५

पहिले ध्वनिमुद्रण टोकाच्या घरच्या आजींकडे झाले. वय त्यांना नक्की ठाऊक नाही. जाते आता न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलेले आहे, तरी त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि खुंट्यावर हात ठेवल्याशिवाय त्यांना ओवी आठवेना. सव्वा तासात एकोणतीस ओव्या मिळाल्या.

मध्येच थांबून त्यांनी फोनकडे बोट दाखवले आणि विचारले, "हा माहा आवाज कुठी जाते?" दुकानवाल्या मुलाने फोनमध्ये राहतो असे सांगितले. त्यावर "अन् फोनातून?" असा दुसरा प्रश्न आला. त्याचे खरे उत्तर असे की यंत्राकडे दिलेला आवाज आमच्या गावाबाहेरच्या, आम्ही कधी न पाहिलेल्या संगणकावर जातो आणि तेथे त्याचे पुढे काय होते हे सांगण्याची ताकद आमच्यापैकी कोणातही नाही. मी ते तसेच सांगितले. आजींनी विचार करून ओव्यांना परवानगी दिली, पण मधल्या बोलण्यात सुनेविषयी जे आले ते पाठवायचे नाही, असे बजावले. तो भाग मी हाताने उतरवणार नाही आणि यंत्रालाही देणार नाही. यापुढे प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर आम्ही आपणहून सांगायचे, असे ठरले.

२७ जुलै २०२५

विद्यार्थिनी आज आबाजींकडे जाऊन रिकाम्या हाताने परतली. चाळीस वर्षे सालदारकी केलेल्या या माणसाइतक्या झडत्या गावात दुसऱ्या कोणाला येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशिवाय पुस्तिकेचा पहिला भाग उभाच राहणार नाही. त्यांनी तिला चहा दिला, विचारपूस केली आणि निरोप पाठवला : "मास्तरले सांगजो, पोरीले धाडू नोको, सोता ये."

आबाजींचा आणि माझा तीन वर्षांचा अबोला आहे. तो एका झडतीवरून झाला. येथे एवढे पुरे.

३ ऑगस्ट २०२५

यंत्राने उतरवलेला मजकूर मूळ आवाजाशी ताडून पाहण्यात तीन दिवस गेले. यंत्राची कामगिरी वाईट नाही, उलट ती इतकी नीटस आहे की त्याच गोष्टीची मला काळजी वाटू लागली आहे. "तुले" चे "तुला" झाले, "काहून" चे "का" झाले, "येजो" चे "ये" झाले आणि आपल्याकडे ळ चा य होतो याचा यंत्राला मागमूस नसल्यामुळे "डोया" आणि "पोया" हे शब्द काही ठिकाणी सुधारले गेले, तर काही ठिकाणी भलतेच झाले. पण सर्वांत मोठा घोटाळा आजींच्या एका साध्या वाक्यात झाला. "मी लहान होतो तवा मायजवळ बसून आयकत होतो," असे त्या म्हणाल्या होत्या. वऱ्हाडात बायाही "मी जातो, मी करतो" असेच म्हणतात, हे येथे जन्मलेल्या पोरालाही सांगावे लागत नाही. यंत्राने एका ठिकाणी ते "मी लहान होते" असे दुरुस्त केले आणि दुसऱ्या ठिकाणी बोलणारा पुरुष समजून सारांशात "हे आजोबा आपल्या बालपणाविषयी सांगतात" असे लिहिले. आजींना ते वाचून दाखवल्यावर त्या पोट धरून हसल्या, पण नातवाने ते चारचौघांत वाचू नये म्हणून कागद मात्र ठेवून घेतला.

असे का होते, हे मी विद्यार्थिनीला माझ्या समजुतीप्रमाणे सांगितले. पूर्वी वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचा हिशेब करत हे यंत्र चालते. मराठीतला बहुतेक छापील मजकूर प्रमाण भाषेतला आहे, म्हणून आजींचे वाक्य त्या हिशेबात चुकीसारखे दिसते. शाळेत मी तरी दुसरे काय केले? चौतीस वर्षे मी मुलांच्या वहीत "मले" वर लाल रेघ ओढून "मला" लिहिले. यंत्राला दोष देताना ही रेघ डोळ्यांपुढे येते.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. मात्र नमुन्यासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांकडून बायबलातली उधळ्या पुत्राची एकच गोष्ट आपापल्या बोलीत उतरवून घेतली. तुलनेसाठी ते सोयीचे होते. पण आमच्या आजीला कोणी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायला लावली असती, तर तिने तिच्यात सुनेला आणल्याशिवाय ती पुरी केली नसती.

१० ऑगस्ट २०२५

सतराव्या ओवीचा शेवट आजींना आठवत नाही. आठवते ते एवढे :

वर्धामाय भरली, वावराले आलं पानी,
भाऊ माहा पैल थडी,

आणि येथे त्या थांबतात. ध्वनिमुद्रणातही येथे अकरा सेकंद फक्त कोंबड्याचा आवाज आहे. यंत्राने मात्र ओवी पूर्ण करून दिली होती, आणि ती आपण पूर्ण केली असे कोठेही सांगितले नव्हते : "कोण आणेल आता माहेराची निशाणी." आवाज न ऐकता मी नुसता कागद तपासला असता तर ही ओळ पुस्तिकेत जाऊन बसली असती आणि उद्या एखाद्या अभ्यासकाने ती वऱ्हाडी स्त्रीगीतांचा नमुना म्हणून उचलली असती.

मी काहीशा तावातावाने आजींना ही ओळ दाखवायला गेलो. यंत्राची लबाडी पाहून त्या चिडतील, असा माझा समज होता. त्यांनी ओळ दोनदा म्हणून पाहिली आणि म्हणाल्या, "चांगलं म्हनते व हा. पन माहेराची निशानी म्हंजे काय? नाव तं घ्या लागते." मग खुंट्यावर हात ठेवून त्यांनी म्हटले, "कोन आनीन मले चोयी-खनाची निशानी." ही आता माझी झाली, लिहून घ्या, असेही त्यांनी सांगितले.

मला हे पटायला वेळ लागला. ओव्या अशाच तर होत आल्या आहेत. शेजारणीची ओळ उचलून आपला भाऊ, आपली चोळी तिच्यात बसवायची, हा त्यांचा जुनाच रिवाज आहे. फरक एवढाच की शेजारीण कोण होती हे बायांना ठाऊक असे. म्हणून वहीत सतरावी ओवी दोन प्रकारे नोंदवली आहे : आधी आठवली तेवढी, पुढे रिकामी जागा; आणि खाली, "शेवट यंत्राने सुचवला, आजींनी शब्द बदलून १० ऑगस्टला जात्याजवळ म्हटला." रिकामी जागा छापखान्यात भरली जाणार नाही याची जबाबदारी माझी.

२१ ऑगस्ट २०२५

आज खांदशेकणी. संध्याकाळी हळद-लोण्याने बैलांचे खांदे शेकले जात होते आणि घरोघरी "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे बैलांना सांगितले जात होते. गावात मी शिक्षक म्हणून आलो तेव्हा पोळ्याच्या तोरणाखाली बैल मावत नसत. उद्या किती जोड्या येतात ते पाहू. ट्रॅक्टरला आवतण द्यायची रीत अजून कोणी काढलेली नाही.

२२ ऑगस्ट २०२५

आखरावर (गावच्या मोकळ्या मैदानावर) चौदा जोड्या आल्या. झडती म्हणजे तोरणाखाली उभे राहून एकाने खड्या आवाजात म्हणायची यमकांची ललकारी. ती देवाच्या नावाने सुटते, मध्ये कोणाची तरी पगडी उडवते आणि "हर बोला हर हर महादेव" वर येऊन थांबते. उडणारी पगडी पाटलाची असू शकते, सरकारची असू शकते किंवा समोर उभ्या असलेल्या व्याह्याची.

यंदा एका तरुणाने फोन समोर धरून यंत्राकडून करवून आणलेली झडती म्हटली. यमके एकही चुकले नाही. बळीराजा होता, काळी आई होती, घामाचे मोती होते, बैलाला सख्याची उपमा होती आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. ती वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण तिच्यात एकही नाव नव्हते, आणि ती म्हणून झाल्यावर उत्तर द्यायला कोणी पुढे आले नाही, कारण उत्तर कोणाला द्यायचे हाच प्रश्न होता. फोनवाला स्वतःही जरा ओशाळून हसला.

मग आबाजी काठी टेकत पुढे आले. पेरणीच्या वेळी गावची डीपी (विजेचे रोहित्र) जळाली होती आणि अर्ज-विनंत्या करूनही ती महिनाभर बदलली गेली नव्हती. संबंधित अधिकारी मानकरी म्हणून समोरच्या खुर्चीवर बसले होते. आबाजींनी त्यांच्याकडे पाहून उचलली :

डीपी जयाली पेरनीले, तार येईन वेचनीले,
सांगा सायेब, पानी कोन देईन माह्या संत्रीले?

आखर हलले. अधिकारी हसले, मग त्यांचे हसू मावळले, मग त्यांनी उठून आठ दिवसांत काम करून देण्याचा शब्द दिला. या उत्तरासाठीच झडती असते. आबाजी म्हणाले ते साहेबांना कधीही परत ऐकवता येईल आणि आबाजींनाही त्यासाठी धरता येईल. दोघांची घरे तीन किलोमीटरच्या आत आहेत.

माघारी जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नमस्कार केला. ते थांबले नाहीत, पण मान हलवली. येत्या आठवड्यात त्यांच्याकडे जायचे ठरवले आहे.

९ सप्टेंबर २०२५

परवापासून भुलाबाई बसली आहे. विद्यार्थिनीने तीन घरांतली गाणी नोंदवली; खिरापत ओळखण्याचा गलका इतका होता की यंत्राने त्याचे काहीच केले नाही, "अस्पष्ट" एवढेच लिहून दिले. यंत्राने केलेले हे आतापर्यंतचे सर्वांत सरळ काम आहे.

रात्री दुकानवाला मुलगा कागद द्यायला आला आणि बराच वेळ बसला. रात्री अकरा-साडेअकराला तो यंत्राशी बोलतो, असे त्याने सांगितले. दुकानाच्या कर्जाविषयी, मोडलेल्या सोयरिकीविषयी. "सर, तो कटायत नाही. अन् गावात सांगत नाही." यातले दुसरे वाक्य मला अधिक लागले, कारण गावात सांगितले जाते हे खरेच आहे. मी त्याला वायझेनबाम यांची हकिगत सांगितली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा संवाद करणारा संगणकावरचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्नासारखे परत करणे एवढीच त्याची करामत होती. तो घडताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या सचिव बाईदेखील त्याच्याशी दोन-चार वाक्ये बोलल्यावर वायझेनबाम यांना म्हणाल्या, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबाम त्यानंतर या विषयाचे टीकाकारच झाले.

मुलगा म्हणाला, "पन बाईले बोलाचं होतं ना, सर." हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. मी त्याला म्हटले, अकरा वाजता माझे दार वाजव. तो उठता उठता हसला : "तुमी तं नऊलेच झोपता."

आबाजींकडे जाणे पावसामुळे राहिले. पावसामुळेच, असे लिहिताना हात थोडा अडखळतो.

१८ सप्टेंबर २०२५

आबाजी काल पहाटे गेले. मौतीला सारा गाव होता. त्यांच्या आवाजातली एकही झडती आमच्या प्रकल्पात नोंदवलेली नाही.

२२ सप्टेंबर २०२५

काल वाचनालयात शोकसभा झाली. भाषण लिहायला बसलो तेव्हा दोन तासांत एक ओळ सुचली नाही, म्हणून जन्मसाल, सालदारकी, झडत्या आणि कुटुंब हे चार तपशील यंत्राला दिले आणि आलेला मजकूर, दोन शब्द बदलून, वाचून दाखवला. "हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व", "कधीही भरून न निघणारी पोकळी", "त्यांच्या स्मृती सदैव प्रेरणा देत राहतील". लोकांनी शांतपणे ऐकले. भाषण छान झाले, असे दोघांनी सांगितले.

२९ सप्टेंबर २०२५

आज आबाजींची तेरवी. पंगती उठल्यावर त्यांची मुलगी हात पुसत माझ्याजवळ आली आणि कोणी ऐकणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमी वाचलं ते लगनपत्रिकेसारखं छापील होतं. आमचा बाप हसतमुख कवा होता? साऱ्या गावाले तेच्या तोंडाचा धाक होता. अन् तुमच्यावरची झडती? सारं गाव आयकाले बसलं होतं का सर आज तरी सांगते म्हनून. ते काहून नाही सांगतली?"

मी उत्तर दिले नाही. आता लिहितो.

महामारीच्या काळात बंद पडलेले वाचनालय नंतरही मी आळसाने बरेच महिने उघडले नव्हते. किल्ली माझ्या खिशात होती आणि मी बहुधा मोर्शीला मुलाकडे असे. २०२२ च्या पोळ्याला आबाजींनी तोरणाखाली उभे राहून त्यावर झडती म्हटली. सही न करता येणाऱ्या माणसाने, चारशे लोकांसमोर, वाचनालयाच्या सचिवाला कुलुपाविषयी जाब विचारला. दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडले आणि त्या दिवसापासून आबाजींशी बोलणे बंद केले. ते उघडलेले पाहून ते पहिल्याच दिवशी येऊन वर्तमानपत्रातली चित्रे पाहत बसले होते, हेही खरे आहे, आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

यंत्राला चार तपशील देताना हा पाचवा मी दिला नव्हता. त्यामुळे यंत्राच्या मजकुराला खोटे म्हणण्यात काही हशील नाही. त्या दोन तासांत मला एक ओळ सुचली नाही असे वर लिहिले आहे, तेही पूर्ण खरे नाही. एक ओळ पहिल्या पाच मिनिटांतच सुचली होती आणि ती म्हणजे आबाजींचीच झडती. ती बाजूला ठेवून बोलता यावे म्हणून मी दुसऱ्याचे शब्द मागवले. "अबोला कशावरून होता?" असे यंत्राने मला विचारले नाही. गावातल्या कोणत्याही माणसाकडे मजकूर मागायला गेलो असतो, तर त्याने पहिल्यांदा हेच विचारले असते.

४ ऑक्टोबर २०२५

मराठीला अभिजात दर्जा मिळून काल वर्ष झाले. त्यानिमित्त एका शाळेने भरवलेल्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो. अकरा भाषणांपैकी पाच भाषणांत "मराठी ही केवळ भाषा नसून ती आपल्या अस्मितेचा श्वास आहे" हे वाक्य अक्षरशः सारखे होते. सहपरीक्षकांना चिंता होती ती भाषण यंत्राचे आहे हे ओळखायचे कसे याची. इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० च्या आपल्या लेखात हाच खेळ मांडला होता : प्रश्न विचारणारा एका खोलीत, उत्तर देणारे दुसरीकडे, मध्ये फक्त टंकलिखित कागद, आणि त्यावरून माणूस कोण, यंत्र कोण, हे सांगायचे. मला वाटले, आपण त्या बंद खोलीत बसलोच कशाला आहोत? मूल समोर उभे आहे.

म्हणून प्रत्येकाला भाषणानंतर एकच प्रश्न विचारला : तुमच्या घरात बोलला जाणारा, पण पुस्तकात न दिसणारा शब्द सांगा. अस्मितेच्या श्वासात अडखळत असलेली सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गंज," म्हणजे पातेले. आणि मग आईच्या लग्नातला जर्मनचा गंज, त्याला पडलेला पोचा, तो पोचा कोणी पाडला यावरून घरात चाललेले भांडण आणि आता त्यात कोंबड्यांना ठेवले जाणारे पाणी, असे ती तीन मिनिटे न थांबता बोलली. पहिले बक्षीस तिला द्यावे असे मी सुचवले. इतरांना ते नियमात बसत नाही असे वाटले आणि तसे ते बसत नव्हतेच.

१२ ऑक्टोबर २०२५

आज रिद्धपूरला जाऊन आलो. तालुक्यातलेच गाव, आयुष्यभर येता-जाता पाहिलेले. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. पण मी गेलो तो म्हाइंभटांसाठी. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून जमवल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे त्याच्या परंपरेत एकच लीळा दोघांना वेगवेगळी आठवत असेल, तर अमक्याचा पाठ असा, तमक्याचा पाठ असा, हे नावानिशी नोंदवले गेले; हिराइसेचा पाठ त्यांतलाच. सर्वांना पटेल अशी एक गुळगुळीत कथा करून टाकणे त्यांना सहज जमले असते.

परतताना एसटीत विद्यार्थिनीशी बोलून पुस्तिकेची रचना बदलली. प्रत्येक झडतीखाली ती कोणी सांगितली, कोणाकडून ऐकली आणि सांगताना जवळ कोण होते, हे येईल. ज्यांना नाव नको, त्यांचे घराच्या खुणेने येईल. शब्दसूची आणि पानांची जुळणी यंत्र करील, कारण त्यात माझ्या चुका त्याच्यापेक्षा जास्त होतात. प्रस्तावना मी लिहीन, आणि ती बरी नसेल तर बरी नसलेली छापू.

२६ ऑक्टोबर २०२५

आबाजींच्या झडत्या त्यांच्या आवाजात आता मिळणार नाहीत, म्हणून ज्यांनी ऐकल्या त्यांच्याकडून जमवत आहोत. आजवर एकवीस मिळाल्या. माझ्यावरची झडती कोणी सांगेना. मी समोर असलो की विषय बदलतो. शेवटी मी वहीच विद्यार्थिनीकडे दिली आणि घरी बसलो. संध्याकाळी ती परतली तेव्हा वहीत दोन पाठ होते आणि तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता.

९ नोव्हेंबर २०२५

मुद्रिते आली. सतराव्या ओवीची रिकामी जागा छापखान्यातल्या मुलाने "काही राहिले आहे का?" असे पेन्सिलीने विचारून जशीच्या तशी सोडली आहे. आजींना मूळ शेवट अजून आठवलेला नाही. चोयी-खणाची ओळ मात्र आता शेजारची सूनही म्हणते.

झडत्यांचा भाग आबाजींच्या मुलीच्या सांगण्यावरून २०२२ च्या झडतीने सुरू होतो. पान नऊवरचा मजकूर असा आहे :

वाचनालयाले कुलूप अन् चाबी मास्तरच्या खिशात,
पुस्तकं वाचते वायवी, गाव बसलं उंबरठ्यात.
(आबाजींच्या मुलीचा पाठ. बापाजवळ उभी राहून ऐकली.)

वाचनालयाले कुलूप अन् चाबी मास्तरच्या खिशात,
पुस्तकं खाते वायवी, मास्तर झोपला घरात.
(आखराजवळच्या केशकर्तनालयातला पाठ. सांगताना सातजण हजर, सर्वांचे एकमत.)

वाचनालयाले कुलूप अन् चाबी मास्तरच्या खिशात,
पुस्तकं राह्यली आतमंदी, आमी बसलो रस्त्यात.
(सचिवांचा पाठ. यांना वाळवी आणि झोप आठवत नाही.)